नगरपालिकेच्या अंगणात

१७ सप्टेंबर २००२, मंगळवार. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सांता क्रूझ गावी, नगरपालिकेच्या अंगणात तुम्ही उभे आहात. भोवती हजारभर माणसं. गर्दी जत्रेची वाटते, पण पुढे बघा: चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कुणाचा तरी हात धरून आलेले थकलेले लोक. कॅन्सरवाले, एड्सवाले, फिट्स येणारे. आज त्यांच्यातल्या डझनभर जणांना इथे, सगळ्यांदेखत, औषध मिळणार आहे. औषध म्हणजे गांजा.

हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे चिलीम येते, देवळामागचा पार येतो, डोळे लाल झालेला एखादा बैरागी येतो. घटकाभर त्यांना पारावरच बसू द्या. इथे महापौर ख्रिस्तोफर क्रोन हजर आहेत, नगरसेवक हजर आहेत. आपल्याकडे ही मंडळी फीत कापायला येतात. इथे ती देशाच्या कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या वाटपाला जातीने उभी आहेत. डोक्यावर एक हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय.

गाव असं का उभं राहिलं, हे समजायला बारा दिवस मागे या.

५ सप्टेंबरची सकाळ. गावाच्या उत्तरेला, डॅव्हनपोर्टजवळच्या डोंगरउतारावर व्हॅलरी आणि मायकेल कोरल यांची बाग आहे; आजारी सदस्य मिळून तिथे औषधासाठी गांजा पिकवतात. केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे वीस-तीस बंदूकधारी आत शिरतात. पोलिओ झालेली एक सदस्य घरात झोपलेली आहे. तिला उभं राहायचा हुकूम होतो. तिला उभं राहता येत नाही. तिच्या हातात बेड्या पडतात. बाहेर यांत्रिक करवतींचा आवाज सुरू होतो आणि १६७ झाडं आडवी होतात. कोरल नवरा-बायकोला सॅन होजेला नेतात.

तेवढ्यात फाटकाशी चला. बातमी फुटली आहे आणि बागेचे आजारी सदस्य गाड्या घेऊन पोचले आहेत. गाड्या रस्त्यात आडव्या. याला आपण रास्ता रोको म्हणतो, आणि इतका अशक्त, तरी इतका घट्ट रास्ता रोको तुम्ही पाहिला नसेल. झाडं भरलेली सरकारी वाहनं आतच अडकतात. नवरा-बायकोला सोडल्याची खात्री झाल्यावरच वाट मोकळी होते.

व्हॅलरीची गोष्ट १९७३ मधल्या मोटार अपघातापासून सुरू होते. डोक्याला मार बसला, मागे अपस्मार राहिला. गोळ्यांनी ती गुंगीत पडून असायची. गांजाने झटके आवरले, असा तिचा अनुभव. (यात अमेरिकी शोध काही नाही. १८३९ मध्ये कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी झटके येणाऱ्या तान्ह्या मुलाला गांजाचा अर्क दिल्याचं लिहून ठेवलं आहे.) १९९२ मध्ये पाच झाडांसाठी तिला अटक झाली. त्याच वर्षी या जिल्ह्यातल्या सुमारे ७७ टक्के मतदारांनी औषधी वापराच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी बाग चालवणारी ही रोग्यांची मंडळी उभी राहिली. १९९६ मध्ये सगळ्या राज्याने, डॉक्टरांची शिफारस असेल तर रोग्याने गांजा वापरावा, असा कायदा मतदानाने केला. केंद्राच्या लेखी मात्र ही वनस्पती तेव्हाही पहिल्या यादीतली, म्हणजे औषधी उपयोग शून्य.

बागेचा कारभार आपल्या भिशी-बचतगटातल्या बाईला लगेच कळेल. ज्याला जमेल त्याने खणायचं, ज्याला खणवत नाही त्याने पानं खुडायची. दर मंगळवारी बैठक, तिथेच वाटप. कुणाकडे पैसे नाहीत म्हणून कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही. सदस्य अडीचशेच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेकांचा आजार बरा न होणारा. दुकान थाटून नफा कमावणाऱ्यांशी या लोकांची गल्लत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे गांजाचा जो बाजार झाला त्यात अशा मंडळींना फारशी जागा उरली नाही.

आता परत अंगणात या. आजचा दिवसही मंगळवारच आहे. बैठक नेहमीचीच, फक्त जागा बदलली. एकेक जण पुढे येतो, आपला वाटा घेतो. बंदूक घेऊन कुणी येत नाही. हेलिकॉप्टर वरच राहतं.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. डिसेंबरात नगर परिषद कोरल दांपत्याला रीतसर आपले प्रतिनिधी नेमून लागवडीचा अधिकार देईल. २००३ मध्ये गाव आणि जिल्हा मिळून केंद्र सरकारला कोर्टात खेचतील. २००४ मध्ये न्यायाधीश जेरेमी फोगेल बागेला तात्पुरतं संरक्षण देतील, आणि जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालय दुसऱ्या एका खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी, त्या संरक्षणाचा पायाच काढून घेईल. चाकाच्या खुर्चीतल्या बाईंच्या हातात आत्ताच पाकीट पडलंय. त्यांना यातलं काही सांगू नका. निकालाची वाट बघायला वेळ लागतो, आणि तोच त्यांच्याकडे कमी आहे.

गाव आणि जिल्ह्याचा तो दावा जानेवारी २०१० मध्ये तडजोडीने मिटला. त्या सकाळच्या धाडीबद्दल कोरल नवरा-बायकोवर आरोपपत्र कधीच दाखल झालं नाही.