प्रारणाचे केसांवरील परिणाम

प्रारणाचे केसांवरील परिणाम : क्ष-किरण, गॅमा किरण, बीटा कण इ. आयनीकारक प्रारणांमुळे सस्तन प्राण्यांचे केस गळतात, त्यांची वाढ खुंटते किंवा नवे केस पांढरे उगवतात. प्रारणाचे जे जैव परिणाम सर्वप्रथम लक्षात आले, त्यांत केशपात हा एक होय.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. पुढील वर्षी अमेरिकेत जॉन डॅनियल यांनी एका सहकाऱ्याच्या डोक्यावर हे किरण सोडले असता २१ दिवसांनी तेथे टक्कल पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी डोक्यावरील गजकर्णाच्या उपचारासाठी मुलांचे केस क्ष-किरणांनी घालविण्याची पद्धत रूढ झाली. केस पुन्हा उगवत असल्याने ती निर्धोक मानली गेली. परंतु इझ्राएलमध्ये अशा मुलांत मेंदू व अवटू ग्रंथी यांच्या अर्बुदांचे प्रमाण वाढल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

न्यू मेक्सिकोत १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. आसपासच्या पशुपालकांना तिची पूर्वसूचना नव्हती. किरणोत्सर्गी धूळ पडून गुरांच्या पाठीवरील केस गळाले व नंतर तेथे पांढरे केस आले. गुप्त राखलेल्या चाचणीची खूण अशा रीतीने जनावरांच्या अंगावर उमटली. यांतील काही गुरे पुढे अभ्यासासाठी ओक रिज येथे नेण्यात आली.

एच. बी. चेस यांनी १९४९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, परिणाम प्रारणाच्या मात्रेप्रमाणेच केसाच्या वाढीच्या अवस्थेवरही अवलंबून असतो. वाढत्या केसाच्या मुळाशी कोशिकांचे (पेशींचे) विभाजन जलद होत असल्याने तो गळतो. विश्रामावस्थेतील केशपुटकांतून मात्र पुढे पांढरे केस येण्याचा संभव अधिक असतो. याचे कारण जपानी संशोधकांनी २००९ मध्ये स्पष्ट केले. प्रारणाने डीएनएला इजा झाल्यावर रंजक कोशिकांच्या मूळ कोशिका मरत नाहीत, तर अकाली पक्व होतात. त्यामुळे त्यांचा साठा संपतो व पुढील प्रत्येक केस रंगाविना वाढतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत मस्तकावर प्रारण-चिकित्सा घेणाऱ्या रुग्णांतही केशपात आढळतो. सु. ३ ग्रे मात्रेने तो तात्पुरता, तर सु. ७ ग्रेच्या पुढे कायमचा होऊ शकतो. केस पुन्हा उगवणे म्हणजे हानी भरून निघणे नव्हे, हे या इतिहासावरून दिसून येते.