रमाबाईंची 'साक्ष' : पाप, कृपा आणि आशा

पंडिता रमाबाईंचे नाव अभ्यासक्रमात आले, की वर्गातली चर्चा १८८३ या वर्षापाशी येऊन थांबते. त्या वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो स्वेच्छेने की परिस्थितीच्या रेट्याने, यावर विद्यार्थी तावातावाने बोलतात. १८९१ हे वर्ष मात्र सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. रमाबाईंनी १९०७ साली 'अ टेस्टिमनी' या नावाने जे छोटे इंग्रजी आत्मनिवेदन लिहिले, ते मात्र सारे याच वर्षाच्या अनुभवाकडे सरकत जाते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटल्यावर, मानमरातब आणि कार्य हाताशी असताना, आपण पापी आहोत आणि आपल्याला मार्ग सापडलेला नाही, या जाणिवेने त्या व्याकूळ झाल्या होत्या. ही व्याकुळता समजून घेतल्याशिवाय त्यांचे पुढचे आयुष्य उलगडत नाही, असे मला वाटते.

रमाबाईंचे बालपण पुण्यसंचयाच्या वाटेवर गेले. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराणे सांगे, स्नान-दान-उपवास करी. जवळचा पैसा धर्मकृत्यांत संपला आणि १८७४ च्या दुष्काळाने घेरले, तेव्हा वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने द्यावीत अशी त्यांना विनंती झाली आणि त्या तयारीसाठी त्यांनी ग्रंथ नव्याने चाळले. इतर सर्व बाबतींत परस्परविरोधी असलेले हे ग्रंथ दोन मुद्द्यांवर मात्र एकमताचे आहेत, असे त्यांना आढळले. स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, स्वभावतःच दुष्ट आहे. आणि पुरुषाप्रमाणे तिला मोक्ष मिळू शकत नाही.

पापाचा हा पहिला अर्थ रमाबाईंच्या वाट्याला आला. हे पाप करावे लागत नाही. ते जन्मानेच अंगाला चिकटते. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा त्यात वैधव्याचीही भर पडली. ज्या समाजात पतीचा मृत्यू हे पत्नीच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई, तेथे तेवीस वर्षांच्या या विधवेला एका तान्ह्या मुलीसह उभे राहायचे होते. जे पाप आपण केलेले नाही, त्याचा पश्चात्ताप तरी कसा करणार? आणि ज्याचा पश्चात्ताप करता येत नाही, त्यातून सुटण्याची आशा तरी कशी धरणार?

या कोंडीला पहिला तडा गेला तो लंडनच्या फुलहॅम भागात. वाँटेजच्या भगिनींनी 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी तेथे एक गृह चालविले होते. ज्यांना रमाबाईंच्या परिचयाचा समाज जवळही करीत नसे, अशा स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते आणि त्या खरोखरच बदलल्या होत्या. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची ती कथा आहे. तिची सारी हकीकत ठाऊक असूनही येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्मचर्चा करतो.

बाप्तिस्म्यानंतरची वाट सरळ नव्हती. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई चर्चच्या अधिकाराविषयी, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी कडक प्रश्न विचारतात. त्यांची बुद्धी जागी होती. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. कामात खंड नव्हता. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, असे त्यांना जाणवू लागले. या सुमारास त्यांनी विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचले. रीतसर दीक्षा घेऊन वर्षानुवर्षे उपदेश करीत आलेल्या या गृहस्थांचे हृदयपरिवर्तन १८५१ साली, स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात झाले होते. धर्म पाळणारा मनुष्य आतून रिकामा असू शकतो, हे वाचताना रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला.

येथे पापाचा दुसरा अर्थ येतो. रमाबाई विशिष्ट अपराधांची यादी देत नाहीत. आपले सारे सत्कृत्य आपल्याला आतून शुद्ध करू शकत नाही, ही त्यांची वेदना आहे. मला वाटते, आपल्या वडिलांच्या तीर्थयात्रांचीच एक नवी आवृत्ती आपण जगत आहोत, हे त्यांना त्या क्षणी उमगले असावे. तीर्थे बदलली होती, हिशेब तोच होता. सुटका झाली ती हा हिशेबच सोडल्यावर. तारण कमवायचे नसते, ते आजच, आहे त्या स्थितीत, दान म्हणून स्वीकारायचे असते, हे त्यांच्या आशेचे स्वरूप होते.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून रानडे आणि भांडारकर यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पुढे १९०५ च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती सदनात मुली आपल्या पापांसाठी धाय मोकलून रडू लागल्या. त्यांतल्या कित्येकजणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. उपासमार सोसलेल्या पोरींनी कोणते पाप कबूल करायचे? शास्त्रांनी लादलेले ओझे उतरवून रमाबाईंनी त्यांच्या डोक्यावर दुसरे ठेवले काय?

मला हा प्रश्न पूर्णपणे निकालात काढता येत नाही. तरी एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. जन्माने लादलेल्या पापाला उत्तर देण्याची सोय नसते. स्वतःच्या मनात ओळखलेल्या पापाला मनुष्य स्वतः उत्तर देऊ शकतो, आणि तसे उत्तर देणारी व्यक्ती नैतिकदृष्ट्या पूर्ण व्यक्ती असते. विधवेला आणि टाकलेल्या मुलीला हा दर्जा तोवर कुणी दिला होता?

केडगावला रमाबाईंनी 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी जे घर उभारले, त्याचे नाव त्यांनी कृपासदन ठेवले. फुलहॅममध्ये पाहिलेले ते दृश्य त्या विसरल्या नव्हत्या. अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. संस्कृतची ही पंडिता मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशी साधी मराठी तिने निवडली. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. वर्गात १८८३ वर थांबणाऱ्या आम्हां शिक्षकांनी पुढची आठ वर्षेही शिकवावयास हवीत. धर्म बदलूनही मन शांत होत नाही आणि तरीही आशा सोडावी लागत नाही, हे त्या आठ वर्षांत दिसते.