बारवेचा कठडा आणि विम्याचा करार

रोग झाला तर हकिमाकडे अथवा वैद्याकडे जावे आणि तो होऊच नये म्हणून देवाला नवस बोलावा, अशी वाटणी निजामाच्या अमदानीतील मराठवाड्याच्या रयतेने पिढ्यान्‌पिढ्या मान्य केलेली होती. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले, ते याच रियासतीतील सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीत. परंतु राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहण्यास 1953 साल उजाडावे लागले. शोध आणि फवारणीचा पंप यांत असे अर्धशतकाचे अंतर पडले.

प्रतिबंध म्हणजे काय, हे या मुलखाला खऱ्या अर्थाने शिकविले ते नारूने. पायऱ्यांच्या बारवेत उतरून घागर भरणाऱ्या माणसाच्या पायाला फोड येई, फोड फुटून पांढऱ्या सुतासारखा कृमी डोकावे, आणि घरातील जाणते माणूस तो काडीला गुंडाळून, तुटू नये अशा बेताने, दररोज बोटभर ओढीत असे. मध्यंतरी तोच पाय पाण्यात बुडाला की कृमीची पिल्ले पाण्यात पसरत, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलजीव ती गिळी, आणि ते पाणी प्यालेल्या माणसाच्या पायातून सुमारे वर्षभराने दुसरा नारू निघे. या रोगावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. 1983–84 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने पाणी फडक्यातून गाळण्यास शिकविले, विहिरींत औषध सोडले, पायऱ्या बंद करून कठडे व रहाट बसविले, हातपंप दिले. देशातील अखेरचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. वैद्यकाच्या इतिहासात गवंड्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल, आणि जो मिळाला तोही कोणी दिला नाही.

रोग झाल्यावर खर्च भागविणाऱ्या आरोग्य विम्याची तऱ्हा निराळी. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरची पाळी नोव्हेंबर 2013 मध्ये आली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला आरंभी वर्षाकाठी दीड लाख रुपयांचे संरक्षण देऊ करणारी, पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण करणारी ही योजना ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांचा भार उचलते. विमा हा अनिश्चित आपत्तीचा करार असल्याने दरसाल ठरलेली तपासणी त्याच्या हिशेबात सहजासहजी बसत नाही. खासगी विमापत्रांत काही वर्षे दावा न केल्यास ती फुकट करून मिळते, ती बहुधा बक्षिसी म्हणून. 2012 च्याच अर्थसंकल्पाने आयकराच्या 80डी कलमात प्रतिबंधक तपासणीच्या खर्चापोटी पाच हजारांपर्यंत वजावट मान्य केली. म्हणजे प्रतिबंधाची दखल घेतली गेली ती करदात्याच्या दफ्तरी, पिवळ्या पत्रिकेवाल्याच्या नव्हे.

त्याच्या वाट्यास आली ती आरोग्य शिबिरे. संलग्न रुग्णालयांनी ती गावोगावी भरवावीत अशी योजनेची अट. तेथे रक्तदाब मोजला जातो खरा, पण योजनेच्या यादीत बसणारा रुग्ण हुडकणे हाही शिबिराचा हेतू असतो, आणि ज्याला अजून काहीच झालेले नाही त्याच्याविषयी रुग्णालयास विशेष आस्था असण्याचे कारण नाही. लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, डासांवरील फवारणी ही कामे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडेच राहिली असून त्यांचा खर्च, बारवेच्या कठड्याप्रमाणेच, सरकारी अंदाजपत्रकातून भागविला जातो.