आठ-एक्सचा स्कोप आणि चंपावतची वाघीण

जिम कॉर्बेटवरचा आपला भाग आला, त्यावर साताऱ्याच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. म्हणाला, "दादा, फोटोत कॉर्बेटच्या रायफलवर स्कोपच दिसत नाही. आम्हाला पबजीत आठ-एक्स मिळाला की जीव भांड्यात पडतो, आणि हा माणूस नरभक्षक वाघासमोर नुसत्या डोळ्याने कसा काय?"

मी हसलो, उत्तर टाइप करायला घेतलं आणि दोन ओळींनंतर अडकलो. मग वाचत गेलो, आणि दोन ओळींच्या उत्तराचा अख्खा भाग झाला.

आधी एक स्पष्ट करतो. मी शिकार करत नाही, करायची इच्छाही नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपवला. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. पण टांझानिया, झिंबाब्वे, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इथे आजही परवाना काढून रानरेडा, हत्ती, सिंह यांची शिकार होते. म्हणजे नेम धरायला रायफलवर काय लावायचं, हा प्रश्न तिथे अजून जिवंत आहे. आणि तो फक्त शिकाऱ्याच्या हौसेचा नाही. का, ते कळायला चंपावतला जावं लागेल.

साल १९०७, कुमाऊँ. चंपावतच्या वाघिणीने तोवर ४३६ माणसं मारली होती, असा आकडा कॉर्बेट देतो. त्यातली २०० नेपाळात, बाकीची आपल्या बाजूला. गावकऱ्यांनी हाका घातला, वाघीण बाहेर आली. कॉर्बेटकडे काडतुसं होती फक्त तीन. ती संपली. दोन गोळ्या लागूनही वाघीण उभीच. मग हा पळत सुटला, वर थांबलेल्या तहसीलदाराच्या हातातून त्याची बंदूक हिसकावली आणि परत खाली आला. वाघिणीपासून वीसेक फुटांवर बंदूक उचलली, तेव्हा दिसलं की नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चक्क फट आहे. इंचाचे तीन अष्टमांश! आणि नेम धरायला नळीच्या टोकावर काय, तर एक ओबडधोबड गोळा. तो गोळा त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर धरला आणि चाप ओढला. गोळी जबड्यात गेलीच नाही, उजव्या पंजाला लागली. वीस फुटांवरून! आधीच्या दोन गोळ्यांनी वाघीण संपत आली होती म्हणून निभावलं.

पण मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. वाघीण मेल्यावर कॉर्बेटने तिचं तोंड पाहिलं. उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. हे जुन्या गोळीचं काम, असं त्याने लिहिलंय. सुळे गेले, रानातलं सावज धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली.

म्हणजे कुणीतरी कधीतरी नेम धरला आणि तो काही इंचांनी चुकला. त्या चुकलेल्या नेमाची किंमत गवत कापायला गेलेल्या बायकांनी आणि लाकडं गोळा करणाऱ्या पोरींनी दिली. मोठ्या जनावराच्या शिकारीत चुकलेला नेम म्हणजे हुकलेली शिकार नव्हे, ते रानात मागे सोडलेलं जखमी जनावर असतं. स्कोपचा सगळा इतिहास मी या तुटलेल्या सुळ्यांकडे बघत वाचला.

आता साधा नेम कसा असतो ते बघू. नळीच्या मागच्या बाजूला एक खाच, आणि पुढच्या टोकाला एक छोटा मणी. आपल्याकडे त्याला माशी म्हणतात. जुन्या इंग्रजी रायफलींना ही माशी बऱ्याचदा हस्तिदंताची असायची, म्हणजे अंधूक उजेडात पांढरी उठून दिसावी. खाच, माशी आणि जनावर एका रेषेत आणायचं. गोम अशी की तीन वस्तू तीन वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. फोनवर पोर्ट्रेट मोड लावा आणि जवळच्या फुलावर टॅप करा, मागचा माणूस धूसर होतो ना? तसंच. चाळिशीनंतर तर जवळची खाचच दिसेनाशी होते.

दुर्बीण नेमकी इथे कामाला येते. माझा मामा पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होता. लहानपणी त्याने मला थिओडोलाइटमधून बघू दिलं होतं. लांबची विहीर एकदम जवळ आलेली, आणि तिच्यावर आडव्या-उभ्या रेघांची फुली. विहीरही स्पष्ट, फुलीही स्पष्ट. मला वाटलं, रेघा विहिरीवरच काढल्यात! या फुलीचा शोध सतराव्या शतकातला. इंग्लंडमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाचा खगोलाचा तरुण अभ्यासक होता. त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा विणला, आणि तो धागा नेमका भिंगाच्या फोकसवर आला. ताऱ्याइतकाच स्पष्ट दिसायला लागला. रेटिकल म्हणतात ते हेच. पुढे कितीतरी वर्षं सर्व्हेच्या यंत्रांत आणि स्कोपमध्ये खऱ्या कोळ्याचा धागा वापरत होते.

मग कॉर्बेटच्या काळात स्कोप नव्हते का? होते की. व्हिएन्नातली काहलेस कंपनी १८९८ ची. पण ते स्कोप नाजूक होते. हत्तीसाठीच्या रायफलचा धक्का इतका मोठा की भिंगं हलायची, धागा तुटायचा. आणि पावसात आतून वाफ धरायची. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याचं काय होतं ते आठवा, आणि समोर सिंह आहे अशी कल्पना करा. अमेरिकेत ऑरेगनमध्ये मार्कस ल्युपोल्डच्या हातून असंच एक हरीण निसटलं, स्कोपवर धुकं धरलं म्हणून. त्यांची घरची कंपनी सर्व्हेची उपकरणं करणारी. त्यांनी स्कोपमधली दमट हवा काढून नायट्रोजन भरला आणि १९४७ मध्ये न धुरकटणारा स्कोप बाजारात आणला. तेव्हा कुठे स्कोप भरवशाचा झाला.

तरी आफ्रिकेतले जुने शिकारी नाकं मुरडतच होते. वाद झाला की वॉल्टर बेलचं नाव पुढे येणार. करामोजो बेल म्हणून प्रसिद्ध असलेल्या या स्कॉटिश माणसाने हजारावर हत्ती मारले, बरेचसे .२७५ सारख्या छोट्या रायफलने. हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता. कौशल्य अफाट, पण सगळं हस्तिदंतासाठी. मला वाचताना मळमळलं, खोटं कशाला बोलू. आणि हो, "बेलला स्कोप लागला नव्हता" हा मुद्दा मला पटत नाही. ज्यांचा नेम चुकला आणि हत्तीने ज्यांना तुडवलं, त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत.

आता येऊ साताऱ्याच्या आठ-एक्सकडे. दहापट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमधून शंभर मीटरवर जेमतेम साडेतीन-चार मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. आठ-एक्सची गोष्ट फार वेगळी नाही. तेच जनावर दहा मीटरवर आलं की पट्टा हातभरही उरत नाही. आफ्रिकी रानरेडा ताशी पन्नासेक किलोमीटरने अंगावर येतो, म्हणजे पन्नास मीटर चार सेकंदांच्या आत. त्या वेळी स्कोपमध्ये काय दिसणार? काळे केस. ते खांद्याचे की पोटाचे, कळणार नाही. म्हणून अशा शिकारीचे स्कोप अगदी कमी ताकदीचे असतात. एक किंवा दीडपासून सुरू होणारे, फार तर चार-सहापर्यंत जाणारे. वन-एक्सवर दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं, जणू जनावरावर नुसती फुली चिकटवलीय.

पण ती फुली दिसली तर! रानरेडा काळा, उभा झुडपाच्या सावलीत, वेळ संध्याकाळची. त्यावर कोळ्याच्या धाग्याएवढी बारीक काळी रेघ. कागदी टार्गेटवर हीच रेघ सर्वांत अचूक, आणि रानात ती गायब. हे जर्मन शिकाऱ्यांना आधी कळलं होतं, कारण ते चांदण्यात रानडुकरांवर बसायचे. त्यांच्या रेटिकलमध्ये डावीकडून, उजवीकडून आणि खालून जाड पट्ट्या, वरची बाजू मोकळी. मधलं काही दिसलं नाही तरी तीन पट्ट्या जिथे बोट दाखवतात तिथे डोळा आपोआप जातो. १९६२ मध्ये ल्युपोल्डने ड्युप्लेक्स आणलं: चारही रेघा बाहेर जाड, मध्यभागी बारीक. आज कोणत्याही दुकानातला साधा शिकारी स्कोप बघा, बहुधा हीच आकृती सापडेल. दूरच्या नेमाला बारीक फुली, घाईच्या नेमाला जाड चौकट.

झूम होणाऱ्या स्कोपमध्ये आणखी एक भानगड आहे. फोनच्या स्क्रीनला तडा गेलाय असं समजा. फोटो कितीही झूम करा, तडा तेवढाच राहतो. पण फोटोवरच नाव लिहिलं असेल तर ते फोटोबरोबर मोठं होतं आणि झूम कमी केला की बारीक होतं. रेटिकल या दोन्ही प्रकारचं मिळतं. युरोपात बरीच वर्षं दुसरा प्रकार चालायचा, अमेरिकेत पहिला. जवळच्या धोक्यासाठी मला तरी तडा बरा वाटतो. वन-एक्सवर आणल्यावर, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, रेघा बारीक होऊन चालणार नाहीत.

डोळा आणि स्कोप यांच्यातल्या अंतराचंही बघावं लागतं. .३७५ हॉलंड अँड हॉलंड हे १९१२ चं काडतूस आजही अनेक ठिकाणी मोठ्या जनावरासाठी किमान मानलं जातं. .४५८ तर त्याहून दणकट. स्कोप डोळ्याच्या फार जवळ असेल तर धक्क्याने त्याची कड भुवईवर आदळते आणि कपाळावर रक्ताची चंद्रकोर उमटते. टिकली लावावी तशी, फक्त टाके घालावे लागतात.

हे सगळं वाचल्यावर माझं मत बदललं. स्कोप म्हणजे चीटिंग, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, दोन गोळ्यांमध्ये फरक करायला हवा. पहिली गोळी शिकारी स्वतः निवडतो: जनावर उभं आहे, वेळ आहे, झाडायची की नाही ते त्याच्या हातात आहे. तिथे स्कोप न वापरणं हा मर्दपणा नाही, ती बेपर्वाई आहे. शेवटची गोळी निवडता येत नाही, जनावर अंगावर आलेलं असतं. म्हणून पाहुण्या शिकाऱ्याच्या रायफलवर स्कोप असतो, आणि त्याच्यासोबत चालणारा वाटाड्या शिकारी अजूनही बऱ्याचदा उघड्या माशीची दुनळी रायफल घेऊन असतो. जखमी रानरेड्यामागे गचपणात शिरायची वेळ आली, तर पाहुणाही स्कोप उतरवून ठेवतो. त्यासाठी झटक्यात निघणारी माउंट्स मिळतात, फक्त स्कोप काढल्यावर खाली उघडी माशी शाबूत हवी. बरेच जण पैसे वाचवायला नेमकं तेच विसरतात.

मग कॉर्बेटचं काय? चंपावतनंतर त्याला बक्षीस म्हणून रिग्बीची .२७५ रायफल मिळाली, दस्त्यावर छोटी चांदीची पट्टी बसवलेली. तीच रायफल घेऊन तो १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागजवळ गुलाबराईला आंब्याच्या झाडावर बसला होता. खाली आमिष म्हणून बकरी, तिच्या गळ्यात घंटी, आणि १२५ माणसं खाल्लेला बिबट्या कुठेतरी अंधारात. काळोखात माशी दिसत नाही आणि त्या काळातला स्कोपही काही दाखवत नाही. आजच्या स्कोपमध्ये रेटिकलच्या मधोमध बारीक लाल ठिपका पेटवता येतो. कॉर्बेटकडे रायफलला लावलेला टॉर्च होता. घंटी वाजली, त्याने बटण दाबलं, उजेडात बिबट्याचा खांदा माशीवर आला आणि त्याने गोळी झाडली. काही क्षणांतच टॉर्च विझला.

बिबट्या मेला की जखमी होऊन निसटला, हे त्याला उजाडेपर्यंत झाडावर बसून कळणार नव्हतं. उजाडल्यावर खाली उतरला, तेव्हा थोड्या अंतरावर तो मेलेला सापडला.