दणदणाटातले आईचे गाणे

माझ्या वर्गातल्या एका दांडगट मुलाने मला हे गाणे ऐकवले. त्याचे ते आवडते संगीत म्हणजे पत्र्यावर दगडांचा वर्षाव, अशी माझी पक्की समजूत होती. पण "गुरुजी, एवढे एकच ऐका," म्हणून तो हटून बसला. ऐकले, आणि त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

गाण्याचे नाव 'मामा सेड', म्हणजे 'आई म्हणाली'. (आपल्या मामाचा येथे संबंध नाही!) 'मेटॅलिका' हा गायकवादकांचा संच १९८१ साली लॉस एंजेलिसला जन्मला. कानठळ्या बसवण्याबद्दल त्याची ख्याती. त्याचा गायक जेम्स हेटफील्ड. बाप ट्रकचालक, आई गाणारी. दोघेही 'ख्रिश्चन सायन्स' पंथाचे. मेरी बेकर एडी या बाईंनी १८७९ साली बोस्टनला हा पंथ स्थापला. आजार हा भ्रम आहे, तो प्रार्थनेने जातो, अशी त्याची शिकवण. शाळेत आरोग्याचा तास सुरू झाला की जेम्सला वर्गाबाहेर जावे लागे आणि पोरे टकमक बघत. त्या पोराच्या मनाचे काय होत असेल, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

तो तेरा वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला. पुढे आईला कर्करोग झाला. श्रद्धेपायी तिने औषध घेतले नाही. ती गेली तेव्हा जेम्स सोळा वर्षांचा होता.

माझ्या आईनेही अखेरच्या दुखण्यात डॉक्टरला उंबरा ओलांडू दिला नाही. मी तिच्यावर ओरडलो होतो. ते ओरडणे अजून माझ्या कानांत आहे.

जेम्सचा राग आधी गाण्यांत उतरला. १९८८ साली 'डायर्स ईव्ह'मध्ये त्याने आईबापांना जाब विचारला; १९९१ साली 'द गॉड दॅट फेल्ड'मध्ये त्या श्रद्धेलाच. मग १९९६ साली 'लोड' या संग्रहात हे गाणे आले. येथे आरडाओरडा बेताचा. गिटारीच्या तारा ताणून काढलेले लांबट सूर, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या 'कंट्री' गाण्यांच्या वळणाचे. घर सोडून निघालेला बंडखोर मुलगा परततो तो आईच्या थडग्यापाशी. औषधाचा, देवाचा, पंथाचा वाद येथे नाहीच. मुलगा फक्त आईशी बोलतो.

जुने चाहते मात्र बिथरले. या मंडळींनी केस कापले म्हणून आधीच ते रुसले होते, त्यात हे गावरान वळण! मला विचाराल तर दणदणाट करण्यापेक्षा त्या चाहत्यांपुढे असे हळू गाण्यालाच छाती लागते. २००३ साली वेलन जेनिंग्ज या कंट्री गायकाच्या स्मरणार्थ निघालेल्या संग्रहातही जेम्स गायला. म्हणजे ती ओढ वरवरची नव्हती.

"गुरुजी, त्याने आईला माफ केले का हो?" मुलाने विचारले.

मी म्हणालो, "पुन्हा लाव बघू."