ब्रेकचे पेडल तळाला जाते तेव्हा...

सिग्नलला गाडी उभी आहे, पाय ब्रेकवर आहे आणि पायाखालचे पेडल कुणी खालून हळूच ओढून घ्यावे तसे तळाकडे सरकू लागले आहे. पाय उचलून पुन्हा दाबला की पेडल वर येते, ब्रेकही लागतो. त्यामुळे बहुतेक चालक ही तक्रार पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत लांबणीवर टाकतात. ही दिरंगाई अंगाशी येऊ शकते. सिग्नलला मिळणारी दुसऱ्यांदा पाय मारण्याची सवड घाटाच्या उतारावर मिळेलच असे नाही.

मोटारीचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सर्वांनीच वाचलेला असतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि नळ्यांतील द्रव चाकांजवळचे पॅड किंवा शू दाबतो. द्रव जवळजवळ दाबला जात नसल्याने पेडल ठरावीक उंचीवर घट्ट थांबायला हवे. पाय तसाच ठेवूनही ते खाली जात असेल, तर द्रव कुठून तरी निसटतो आहे, एवढे निश्चित.

मात्र प्रत्येक ‘खाली जाणारे’ पेडल हे त्यातले नव्हे. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर नळ्यांत हवा शिरलेली असते. पहिल्या दाबाला खोल जाऊन दोन-तीनदा मारल्यावर वर येणारे आणि तेथेच टिकणारे पेडल बहुधा मागच्या ड्रममधील शू सैल झाल्याचे सांगते. इंजिन सुरू होताना दाबलेले पेडल किंचित खाली जाते, तो तर दोष नसून व्हॅक्यूम बूस्टर काम करीत असल्याची खूण आहे.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागी गाडी उभी करून, चाकांना दगड लावून इंजिन सुरू ठेवावे आणि पेडलवर अर्धा मिनिट एकसारखा दाब द्यावा. ही चाचणी हलक्या पायानेही करावी. जोराने दाबले असता मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशरच्या कडा फुगून भिंतीला घट्ट बसतात आणि दोष लपतो. हलक्या दाबाला झिजलेल्या कडेवरून द्रव मागे निसटतो व पेडल हळूहळू खाली जाते.

त्यानंतर बॉनेट उघडून टाकीतील पातळी पाहावी. ती घटत असेल, तर गळती बाहेर आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल, ड्रमच्या कडेला ओघळ, रबरी होजला भेगा, गंजलेली नळी अशा जागा तपासाव्यात. मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडलेला असतो, तो सांधाही विसरू नये. मागचा सील गेला असेल, तर द्रव गुपचूप बूस्टरमध्ये जिरतो आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. पातळी कायम, कुठेही ओल नाही, तरीही पेडल खाली, असे असेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतील वॉशरवरच जातो. खात्री करण्यासाठी जाणकार मेकॅनिक सिलिंडरची बाहेर जाणारी तोंडे प्लगने बंद करून पेडल दाबून पाहतो. तरीही ते सरकले, तर दोषी सापडला. घट्ट राहिले, तर शोध पुढे नळ्यांकडे, चाकांकडे आणि एबीएस असलेल्या गाडीत त्याच्या यंत्रणेकडे न्यावा.

दुरुस्तीत दोन पर्याय असतात. वॉशरचे किट टाकणे स्वस्त पडते. पण सिलिंडरच्या आतील भिंतीवर गंज किंवा चरे असतील, तर नवे वॉशरही थोड्याच दिवसांत झिजतात. अशा वेळी अख्खा सिलिंडर बदलणेच शहाणपणाचे. नवा सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी त्यातील हवा काढून घ्यावी, नंतर चारही चाकांच्या निपलमधून हवा काढावी. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुन्या सिलिंडरवर हवा काढताना पेडल तळापर्यंत मारले जाते. एरवी पिस्टन जेथवर पोहोचत नाही त्या गंजलेल्या भागावर वॉशर घासून फाटतात. ‘ऑइल बदलले आणि ब्रेक गेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते.

‘ब्रेक ऑइल’ हे नावच फसवे आहे. ते तेल नव्हे. त्यात इंजिन ऑइल पडले किंवा सुटे भाग पेट्रोल, रॉकेलने धुतले, तर रबर फुगून सगळी यंत्रणाच खराब होते. धुण्यासाठी नवे ब्रेक ऑइलच वापरावे. शिवाय नेहमीचे डॉट ३ वा डॉट ४ ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरड्या डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस ठरलेला आहे. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. खंडाळ्याच्या उतारावर सतत ब्रेक दाबून गाडी आणली, तर तापलेल्या ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल थेट तळाला टेकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

धावत्या गाडीत पेडल गेलेच, तर भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हातब्रेक बटण दाबून धरून, हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी आडवी होते. इंजिन बंद करू नये. बूस्टरचे बळ जाते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. गाडी थांबली की ती चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, टो करूनच न्यावी.