पोच

जुन्या मराठी पत्रांत मजकूर संपत आला की एक ओळ हटकून यायची: पत्र मिळाल्याची पोच द्यावी. मग ‘कळावे, लोभ असावा’ आणि सही. लहानपणी मला ही ओळ कोरडी वाटायची, पावती मागितल्यासारखी. आता वाटतं, कधी न पाहिलेल्या माणसाशी जडलेली मैत्री या एका ओळीवरच उभी असते. समोर बसलेला मित्र गप्प राहिला तरी चालतं, कारण त्याचा चेहरा बोलत असतो. शेकडो मैलांवरचा गप्प झाला तर तो रागावलाय, आजारी आहे की या जगातच नाही, काही कळायला मार्ग नसतो. आज ज्याला आपण ऑनलाइन मैत्री म्हणतो तिचा माग काढायचा तर संगणकापाशी थांबून भागत नाही. या पोचेचं बोट धरून बरंच मागे जावं लागतं.

ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र कुठल्याही गावी जाऊ लागलं. त्याआधी अंतर वाढेल तसा दर वाढायचा. पुढे १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि एका पैशात माणूस माणसापर्यंत पोहोचू लागला. नातेवाइकांच्या खुशालीसाठी आलेल्या या सोयीतूनच पुढे पत्रमैत्री निघाली. मासिकांत छापलेला पत्ता बघून अनोळखी गावच्या अनोळखी मुलाला पत्र टाकायचं आणि मग रोज दुपारी पोस्टमनची वाट बघायची, हे आपल्याकडे एका अख्ख्या पिढीनं केलं आहे.

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं त्याच काळात रशियात न भेटण्याच्या अटीवरच एक मैत्री चालली होती. संगीतकार चायकोव्हस्की आणि धनाढ्य विधवा नाद्येझ्दा फॉन मेक यांच्यात जवळजवळ चौदा वर्षं पत्रव्यवहार होता, बाराशेहून अधिक पत्रांचा. ती त्याला वर्षाला सहा हजार रूबल द्यायची. १८७७ साली त्याचं लग्न काही आठवड्यांतच मोडलं आणि तो मनानं पार खचला, तेव्हा त्याला तिनं सावरलं. चौथी सिंफनी त्यानं तिला अर्पण केली, पण तिचं नाव न घालता, ‘माझ्या सर्वांत जिवलग मित्राला’ अशा अर्थाच्या शब्दांत. १८७९ मध्ये तिच्याच जहागिरीवर चुकून दोघं समोरासमोर आले. त्यानं टोपी उचलली, ती गांगरली, आणि दोघं न बोलता आपापल्या वाटेनं गेले. १८९० साली तिनं पैसे थांबत असल्याचं कळवलं आणि त्यापाठोपाठ पत्रंही थांबली. पैशांची त्याला आता पूर्वीइतकी निकड नव्हती. पत्रं थांबल्याचं दुःख मात्र त्याच्या मनातून गेलं नाही. पोच न मिळण्याचं दुःख काय असतं, ते मला या गोष्टीतून जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशातून कळलं नाही.

आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून माणसांपासून जमेल तितके लांब राहिले, पण पत्रांत ते भरभरून बोलले. सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचा एक वेगळा खंडच आहे. भेटीत अवघडणारा माणूस कागदावर मोकळा होतो, याचा याहून चांगला दाखला मराठीत तरी मला माहीत नाही.

तारेनं उत्तराची वाट पाहण्याचा काळ दिवसांवरून क्षणांवर आणला. सामान्य घरात तार म्हणजे धडकी भरवणारी वस्तू, पण तारमास्तरांचं आपसांतलं जग निराळं होतं. काम नसलं की ते एकमेकांशी कडकट्ट करत गप्पा मारायचे. नाव सांगायचं नाही, एकदोन अक्षरांची खूण सांगायची. पलीकडे कोण बसलंय हे त्याच्या हाताच्या वळणावरून, ठोके देण्याच्या लयीवरून ओळखू यायचं. एला चीव्हर थेअर ही स्वतः तारखात्यात काम केलेली अमेरिकन लेखिका. तिच्या १८७९ मधल्या ‘वायर्ड लव्ह’ या कादंबरीत तारेवरच ओळख होऊन प्रेमात पडलेली दोन माणसं आहेत. तीही एकमेकांना आधी अक्षरानंच ओळखतात. टोपणनावानं वावरणाऱ्या आजच्या मुलांची ती खापरपणजी म्हणायला हरकत नाही.

या तारमास्तरांची भाषा वारशानं मिळाली ती हॅम रेडिओवाल्यांना, आणि त्यांच्यापाशी जरा रेंगाळायला हवं. हौसेखातर परवाना काढून, घरावर एरियल उभारून, रात्री जागून हवेत साद घालणारी ही माणसं. प्रत्येकाला एक कॉल साइन. राजीव गांधी हवेत व्हीयू टू आरजी होते आणि जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय वन. खोलीत बसून यंत्राशी खटपट करणारा कुणीही त्यांना साद घालू शकत होता. निरोप घेताना ‘त्र्याहत्तर’ म्हणायचं, म्हणजे शुभेच्छा. हा आकडाही तारेच्या काळातला. मला तो आपल्या ‘लोभ असावा’चा सख्खा भाऊ वाटतो. आणि बोलणं झालं की एकमेकांना क्यूएसएल कार्ड पाठवायचं. क्यूएसएल या संकेताचा अर्थच मुळी ‘पोच देतो’ असा आहे. विजेच्या वेगानं बोलणं झालेलं असतानाही या लोकांना पोस्टानं येणारी कागदाची पोच हवीशी वाटते आणि तिनं ते भिंती सजवतात. त्यांच्यातला कुणी वारला तर त्याच्या नावापुढे ‘सायलेंट की’ लिहितात: ज्याच्या बोटाखालची कळ आता वाजत नाही असा. माणूस गेल्याचं इतक्या अदबीनं सांगणारे शब्द फार थोडे असतील.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हैदराबादच्या हॅम संस्थेची तुकडी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून बऱ्याच वर्षांनी हॅम प्रक्षेपणाची परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हौशी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला टपून बसले होते. २६ तारखेला सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी. इतर संपर्क कोलमडला तेव्हा हौशीखातर नेलेली तीच यंत्रं मदतकार्यासाठी चालू राहिली. आपला माणूस जिवंत आहे हा निरोप मुख्य भूमीवरच्या कित्येक घरांना या आवाजांमुळे मिळाला.

संगणकावरच्या मैत्रीत मला सर्वांत जवळची वाटते ती गोष्ट एका गोचिडीची आहे. १९८५ साली कॅलिफोर्नियात ‘वेल’ नावाचा एक संवादकट्टा सुरू झाला. तो काढणाऱ्या दोघांपैकी लॅरी ब्रिलियंट हे भारतात देवी निर्मूलनाच्या मोहिमेत राबलेले डॉक्टर. पुढच्या वर्षी हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड या लेखकाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गोचीड चिकटलेली आढळली. बायकोनं डॉक्टरांकडे फोन करून निरोप ठेवला आणि ऱ्हाइनगोल्डनं कट्ट्यावरच्या पालकांना विचारलं. डॉक्टरांकडून उलट फोन येईपर्यंत कट्ट्यावरच्या सल्ल्यानं गोचीड निघालीसुद्धा होती. हा प्रसंग त्यानं १९९३ च्या आपल्या ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ या पुस्तकात मांडला आहे.

हे वाचताना मला आमचं स्वयंपाकघर आठवतं. आईचं डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात तिला काय वाढायचं हेच मला कळत नव्हतं. रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात मी रात्री साडेअकराला विचारलं. नांदेडच्या एका बाईंनी पाचच मिनिटांत लिहिलं: भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून टाका, मगच फोडणी द्या, म्हणजे पोटॅशियम कमी होतं, आणि उद्या आहारतज्ज्ञांना विचारून घ्या. शेवटी होतं, ‘ताई, जेवलात का तुम्ही?’ तो दिवसभरात मला कुणीच न विचारलेला प्रश्न होता. त्या बाईंना मी अजून पाहिलेलं नाही. पण आईच्या प्रत्येक तपासणीचा आकडा घरच्यांच्या आधी त्यांना कळत आला आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या त्या नोव्हेंबर २०१४ मध्ये. ती यंत्रानं दिलेली पोच. त्याच महिन्यात ऑस्लोत मॅट्स स्टीन हा पंचवीस वर्षांचा तरुण वारला. त्याला ड्युशेन हा स्नायू झिजत नेणारा आजार होता. शेवटची वर्षं तो खुर्चीत बसून, जेमतेम हलणाऱ्या बोटांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ खेळत असे. आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कुणाच्या तरी उपयोगी पडणं, यातलं काहीच मिळालं नाही, हे आईवडिलांचं मोठं दुःख होतं. मुलानं मागे ठेवलेल्या पासवर्डनं वडिलांनी तो गेल्याची बातमी त्याच्या पानावर लिहिली आणि खाली आपला ईमेल पत्ता दिला.

मग पत्रं येऊ लागली. निरनिराळ्या देशांतून, एकामागून एक, लांबलचक. खेळात मॅट्सचं नाव इबेलिन होतं, तिथल्या ‘स्टारलाइट’ नावाच्या टोळीतला तो एक होता. आपल्या आजाराबद्दल त्यानं सोबत्यांना फार काळ काही सांगितलं नव्हतं. त्यांचं मात्र तो ऐकत राहिला होता. नेदरलँड्समधल्या एका खचलेल्या मैत्रिणीचा संगणक घरच्यांनी काढून घेतला, तेव्हा त्यानं तिच्या आईवडिलांना पत्र लिहून तिची बाजू मांडली होती. डेन्मार्कमधल्या एका आईला स्वमग्न मुलाशी जवळीक साधता येत नव्हती, तिला त्यानं खेळातून मुलापर्यंत जायची वाट दाखवली होती. बेनजामिन रे या दिग्दर्शकानं २०२४ मध्ये या सगळ्यावर माहितीपट केला.

अंत्यविधीला त्यांच्यातले काही जण परदेशांतून आले. मॅट्सच्या घरच्यांनी त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. डेन्मार्कहून आलेला एक सोबती शवपेटीजवळ उभा राहून त्याच्याबद्दल बोलला. स्टारलाइटमधले लोक अजूनही वर्षातून एकदा त्या खेळात त्याच्या आठवणीसाठी जमतात, आणि इबेलिन जिथून धावायचा त्याच वाटेनं सगळे मिळून धावतात.